साडेचार महिन्यांच्या बाळाची सर्दी छातीत का उतरते?

पलूस तालुक्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा साडेचार महिन्यांचा असून तो पूर्ण दिवसांचा जन्मला, अंगावरच्या दुधावर आहे आणि त्याचे वजनही चांगले वाढते आहे. गणपतीपासून त्याला दोनदा सर्दी झाली. दुसऱ्या वेळी ती छातीत उतरली, पोट उडू लागले आणि त्याला तीन दिवस रुग्णालयात ऑक्सिजनवर ठेवावे लागले. कागदावर ‘ब्राँकिओलायटिस’, म्हणजे सूक्ष्म श्वासनलिकांची सूज, असे निदान लिहिलेले आहे. थोरली मुलगी चार वर्षांची असून अंगणवाडीत जाते. तिलाही त्याच आठवड्यात सर्दी होती, पण नाक गळण्यापलीकडे तिला काही झाले नाही. घरातील सर्वांचे म्हणणे असे की बाळाची प्रतिकारशक्ती कमी आहे, ती वाढवायला काहीतरी दिले पाहिजे. ती खरोखर कमी आहे का, त्यासाठी औषध द्यावे का आणि थोरलीची अंगणवाडी बंद करावी का, असे ताईंनी विचारले आहे.

ताई, पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की तुमच्या बाळाची प्रतिकारशक्ती त्याच्या वयाला साजेशीच आहे. सांगली-मिरज परिसरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना गेली सत्तावीस वर्षे मी श्रावणापासून थंडी सरेपर्यंत अशी बाळे पाहत आले आहे, आणि त्यांतील बहुसंख्य बाळे आतून पूर्णपणे निरोगी असतात. ‘प्रतिकारशक्ती कमी’ हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो की बाळाच्या श्वसनमार्गात प्रत्यक्ष काय घडते ते त्यांच्याआड झाकून जाते आणि मग उपायही भलत्या ठिकाणी शोधले जातात. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी मापाचा विचार करू, कारण थोरलीला नुसती सर्दी आणि धाकट्याला ऑक्सिजन, या फरकाचा मोठा वाटा नळीच्या रुंदीचा आहे. तान्ह्या बाळाची मुख्य श्वासनलिका आतून साधारण ४ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी असते. नळीतून संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा त्रिज्या घटते तसा तिच्या चौथ्या घाताने वाढतो. अस्तराला सगळ्या बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली की ४ मिलिमीटरची वाट २ मिलिमीटरची उरते आणि अडथळा सोळा पट होतो. तीच सूज ८ मिलिमीटरच्या नळीत आली तर अडथळा तिपटीच्या थोडा वर जातो. खोलवरच्या सूक्ष्म श्वासनलिका याहून कितीतरी अरुंद असतात, आणि ब्राँकिओलायटिस हा नेमका त्यांचा आजार आहे. मोठ्या माणसात अशी एखादी नलिका बुजली तर शेजारच्या वायुकोशांमधून आडवाटेने हवा पोहोचते. बाळात या आडवाटा अजून पुरत्या तयार झालेल्या नसतात. त्यात बरगड्या मऊ असल्यामुळे जोर लावला की छाती फुगण्याऐवजी आत ओढली जाते आणि बाळ लवकर थकते. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते, त्यामुळे नुसते नाक चोंदले तरी त्याला एकाच वेळी दूध ओढणे आणि श्वास घेणे जमत नाही. दूध ओढता ओढता ते मध्येच सोडून रडते, तेव्हा त्याला भूक नाही असे पुष्कळदा समजले जाते, पण त्या वेळी त्याला खरे तर हवा हवी असते.

आता संरक्षणाकडे येते. नाकापासून सूक्ष्म श्वासनलिकांपर्यंतच्या अस्तरात असंख्य पेशींवर बारीक लव असते. एका पेशीवर दोनशेच्या आसपास असे केस असतात आणि ते सेकंदाला दहा-बारा वेळा एका लयीत हलतात. त्यांच्यावर कफाचा पातळ थर असतो, ज्यात धूळ, जिवाणू आणि विषाणू अडकतात, आणि हा थर घशाकडे सतत सरकत राहतो. ही व्यवस्था पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मतःच सुरू असते. लहान बाळांच्या ब्राँकिओलायटिसला सर्वाधिक वेळा कारण ठरणारा आरएसव्ही हा विषाणू नेमक्या या लव असलेल्या पेशींमध्ये शिरतो. त्या पेशी सुजतात, अस्तरापासून सुटून आत पडतात, कफ वाढतो आणि मदतीला धावून आलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीही त्याच चिखलात मरून पडतात. वॉर्डात अशा बाळाचे नाक-घसा बारीक नळीने साफ करताना जो कफ येतो, तो गुळाच्या पाकाला तार सुटावी तसा ओढला जातो आणि नळीला चिकटून राहतो. तो साफ झाल्यावर दोन-तीन मिनिटांत बाळाच्या नाकपुड्या फुलायच्या थांबतात आणि ते पुन्हा छातीशी लागते, हे अनेक आयांनी माझ्या शेजारी उभे राहून पाहिले आहे. झडलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येऊन त्यांच्यावर पुन्हा लव उगवायला काही आठवडे लागतात. म्हणून ताप उतरल्यावर, बाळ हसू-खेळू लागल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तो नवा जंतुसंसर्ग नसतो आणि त्यासाठी अँटिबायोटिक बदलून बदलून देण्याचे काही कारण नसते.

या अस्तराच्या पेशी नुसत्या झाडलोट करत नाहीत. विषाणू आत शिरला की तो ओळखण्याची सोय प्रत्येक पेशीत असते. तो ओळखल्यावर ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडते, त्यांचा निरोप पोहोचताच शेजारच्या पेशी आपली दारे बंद करू लागतात, आणि हे सारे पहिल्या काही तासांतच सुरू होते. कोविडच्या साथीत लहान मुलांच्या नाकातील पेशींचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्यातील ही इशारा-यंत्रणा मोठ्यांपेक्षा आधीच अधिक जागी असल्याचे दिसले, आणि मुलांना तो आजार सहसा सौम्य गेला याचे ते एक कारण मानले जाते. तेव्हा मुलांची प्रतिकारशक्ती सरसकट दुबळी म्हणणे बरोबर नाही. मात्र अगदी तान्ह्या बाळाच्या रक्तातील काही पेशी इंटरफेरॉन कमी प्रमाणात तयार करतात, आणि आरएसव्हीजवळ तर हा इशाराच दाबून टाकणारी स्वतःची दोन प्रथिने आहेत. पहिल्या महिन्यांत हा विषाणू जड जातो त्यामागे हेही एक कारण आहे.

बाळाची ही व्यवस्था मुळातच थोडी मवाळ का ठेवलेली असते, हे समजून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गर्भात नऊ महिने बाळ आईच्या पेशींच्या सहवासात वाढते. त्या काळात दोघांच्याही शरीरांनी एकमेकांवर हल्ला करायचा नसतो. जन्मानंतर तर काही तासांत त्याच्या नाका-तोंडात, त्वचेवर आणि आतड्यात असंख्य जिवाणू वस्तीला येतात, दूध येते, हवेतील कण येतात. या प्रत्येकावर शरीराने पेटून उठायचे ठरवले, तर ज्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन रक्तात जातो तोच पडदा सुजेल. म्हणून बाळाच्या टी-पेशींचा, म्हणजे प्रतिकाराची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, कल आवरते घेण्याकडे असतो. शिवाय पूर्वी भेटलेल्या विषाणूंची आठवण ठेवून फुप्फुसातच मुक्काम करणाऱ्या ज्या स्मृतिपेशी मोठ्यांत असतात, त्या बाळात जवळजवळ नसतात, कारण त्याला अजून कोणी भेटलेलेच नसते. तुमच्या थोरल्या मुलीने चार वर्षांत बरीच सर्दी-पडसी काढली आहेत. त्यातून मिळालेल्या या स्मृतिपेशी आणि तिच्या रुंदावलेल्या श्वासनलिका, या दोहोंमुळे तिचे नुसते नाक गळण्यावर निभावले.

प्रतिकारशक्ती नुसती ‘वाढवली’ की भले होते असे नाही, याचा अतिशय दुःखद पुरावा वैद्यकाच्या इतिहासात आहे. आरएसव्ही १९५६ मध्ये अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये प्रथम सापडला आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांनी तो आजारी बाळांमध्ये दाखवून दिला. दहा वर्षांत त्याची लस तयार झाली. विषाणू फॉर्मेलिनने मारून केलेली ही लस १९६६ मध्ये अमेरिकेत बाळांना देऊन पाहिली गेली. लसीमुळे बाळांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला चिकटून त्याला अडवण्यासाठी शरीर तयार करते ती प्रथिने, भरपूर दिसली. प्रत्यक्षात पुढच्या मोसमात आरएसव्ही आला तेव्हा लस घेतलेल्या आणि संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे ८० टक्के बाळांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि दोन बाळे दगावली. फॉर्मेलिनमुळे विषाणूवरील प्रथिनाचा आकार बिघडला होता. त्यामुळे तयार झालेली प्रतिपिंडे विषाणूला चिकटत होती, पण त्याला थोपवत नव्हती, आणि चुकीच्या वळणावर गेलेल्या टी-पेशींनी फुप्फुसात सूज मात्र वाढवली. विद्यार्थिदशेत हे प्रथम वाचले तेव्हा मी सुन्न झाले होते. आजही ‘बाळाची ताकद वाढवणारे’ सिरप कोणी माझ्या टेबलावर ठेवले की मला ती दोन बाळे आठवतात. अशा सिरपांनी तसे काही घडेल असे मी म्हणत नाही. मात्र प्रतिकार म्हणजे डबा भरून वाढवायची वस्तू नव्हे, तो योग्य ठिकाणी, योग्य वेळी आणि योग्य मापात व्हावा लागतो. पूर्ण दिवसांच्या, आईच्या दुधावरच्या निरोगी बाळाच्या श्वसनमार्गात हे काम करून दाखवणारे कोणतेही टॉनिक, थेंब किंवा बाळगुटी माझ्या माहितीत नाही. मध तर एक वर्षाच्या आत चाटवूच नये, कारण त्यातून क्वचित बोट्युलिझम हा पक्षाघातासारखा गंभीर आजार होतो.

बाळाची स्वतःची घडी बसेपर्यंतची शिदोरी आईने दिलेली असते, आणि ती दोन ठिकाणी बांधलेली असते. पहिली वारेतून आलेली. आईच्या रक्तातील आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे वार स्वतःहून ओढून बाळाकडे पाठवते आणि हे काम मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत होते. म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ती आईइतकी किंवा थोडी अधिकच असतात, आणि आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला त्यातला बराच भाग मिळालेलाच नसतो. ही प्रतिपिंडे रक्तातून झिरपून मुख्यतः फुप्फुसाच्या खोल भागाचे रक्षण करतात, नाकाचे तितके नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यांतही बाळाला शिंका येतात, नाक वाहते, पण पुष्कळदा ते तिथेच थांबते. दर तीन-चार आठवड्यांनी ही प्रतिपिंडे निम्मी होत जातात, बाळाची स्वतःची अजून पुरेशी तयार झालेली नसतात, आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात दोहोंची बेरीज सर्वांत कमी असते. तुमचे बाळ नेमके या खोलगट भागात आहे.

दुसरी शिदोरी दुधातली. आयजीए प्रकारची ही प्रतिपिंडे रक्तात जात नाहीत. बाळाच्या तोंडावर, घशावर आणि आतड्यावर लेप दिल्यासारखी राहतात आणि विषाणूला पेशीला चिकटू देत नाहीत. आई त्याच घरात, त्याच हवेत वावरत असल्यामुळे थोरलीने अंगणवाडीतून आणलेल्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आईच्या शरीरात तयार होऊन दुधात उतरतात. म्हणून आईला सर्दी झाली की दूध तोडण्याची जी रीत आपल्याकडे अजून अनेक घरांत आहे, ती अगदी उलट आहे. त्याच दिवसांत ते दूध बाळाला सर्वांत जास्त हवे असते. आईने मास्क लावावा, हात धुवावेत आणि पाजत राहावे.

नाकातील जिवाणूंची वस्तीही पहाऱ्यावर असते. आईच्या दुधावरच्या बाळांच्या नाकात काही निरुपद्रवी जिवाणूंची स्थिर वसाहत अधिक आढळते आणि अशी बाळे छातीच्या आजारांनी कमी बेजार होतात. विनाकारण दिलेले अँटिबायोटिक ही वसाहत मोडते.

आता घरातल्या धुराविषयी, कारण माझ्या मते आपल्या भागात बाळाच्या श्वसनमार्गाचे सर्वांत मोठे नुकसान तिथे होते, आणि तेही मायेपोटी. न्हाऊ-माखू झाल्यावर शेगडीवर ओवा, लसणाची साले, वेखंड टाकून बाळाला धुरी देतात. मागच्या दारी पाण्याचा बंब पेटलेला असतो, त्यात उसाचे चिपाड किंवा प्लॅस्टिकही जाते. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की फडात पाचट जळते आणि राख अंगणात येऊन पडते. धुराने ती बारीक लव मंदावते, अस्तर सुजते आणि कफ पुढे सरकत नाही. सोळा पटीचा तो हिशेब इथे पुन्हा लागू होतो. बाळाच्या खोलीत धुरी, डासांची कॉइल, उदबत्ती आणि बिडी-सिगारेट यांपैकी काहीही नको, आणि बाहेर ओढून आलेल्या माणसाने कपडे बदलल्याशिवाय बाळाला घेऊ नये. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची बाळे फडाकडेच्या कोप्यांमध्ये चुलीशेजारी वाढतात. त्यांच्या आयांना या गोष्टी ऐकवणे सोपे आहे, पण त्यांना पर्याय देण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे, असे मला मनापासून वाटते.

नाकात तेल किंवा तूप सोडण्याचेही तसेच. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तीन महिन्यांचे एक बाळ आले. त्याला रोज अंघोळीनंतर नाकात कोमट तेलाचे थेंब घालत असत. ते तेल थोडे थोडे फुप्फुसात उतरून तिथे न्यूमोनिया झाला होता, आणि तो अँटिबायोटिकने हटणारा नव्हता. तेल बंद केल्यावरही छाती साफ व्हायला कित्येक आठवडे गेले. आजीने हे प्रेमानेच केले होते, आणि ती माझ्यासमोर रडली तेव्हा तिला काय बोलावे ते मला सुचले नाही. नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे औषधी दुकानात मिळणारे थेंब पाजण्याआधी एक-दोन सोडावेत, तेवढे पुरे. कापूर असलेले मलम बाळाला चोळू नये, कारण कापराने झटके येऊ शकतात. वाफेने भाजलेली बाळे मी पाहिली आहेत. सर्दी-खोकल्याच्या सिरपांबद्दल सांगायचे तर, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे.

लसींपैकी न्यूमोकॉकलची लस सरकारी कार्यक्रमात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी मोफत मिळते. विषाणूने मोकळ्या केलेल्या वाटेने मागून येणाऱ्या जिवाणूला ती अडवते. बाळाचे साडेतीन महिन्यांचे डोस झाले आहेत का ते कार्डावर पाहा. सहा महिने पूर्ण झाल्यावर फ्लूची लस द्यावी असे मी सुचवेन. आरएसव्हीच्या बाबतीत १९६६ नंतर जवळजवळ अर्धे शतक वाट पाहावी लागली. पेशीत शिरण्यापूर्वी विषाणूवरील त्या प्रथिनाचा आकार नेमका कसा असतो हे २०१३ मध्ये उलगडले आणि त्याच आकारावर बेतलेली गर्भवतीला देण्याची लस २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. बाळाला थेट तयार प्रतिपिंडे देणारे निर्सेव्हिमॅब हे इंजेक्शन २०२२ मध्ये युरोपात आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आईची शिदोरी वाढवणे किंवा बाळाला ती तयार देणे, अशा या दोन वाटा आहेत. हे लिहिते वेळी त्यांचा आपल्या सरकारी लसीकरणात समावेश नाही. विशेषतः कमी दिवसांच्या किंवा हृदयात दोष असलेल्या बाळांच्या आईवडिलांनी आपल्या डॉक्टरांशी याविषयी जरूर बोलावे.

पुढची सर्दी येईल, कारण या वयात वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणे सामान्य आहे. ती आली की तिसऱ्या ते पाचव्या दिवसाकडे विशेष लक्ष द्या, कारण छातीचा त्रास तेव्हा वाढतो. बाळ शांत किंवा झोपलेले असताना झबले वर करा आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास असतील, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, नेहमीच्या निम्मेही दूध जात नसेल, लंगोट कोरडे राहत असेल, बाळ सुस्त पडले असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता निघा. दोन महिन्यांच्या आतील बाळे कधी कधी खोकल्याशिवाय नुसती श्वास घ्यायची थांबतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अधिकच सावध राहावे. ब्राँकिओलायटिसवर ऑक्सिजन, नाकाची सफाई आणि दुधाचा किंवा सलाइनचा आधार हेच उपचार आहेत. तुमच्या बाळाला रुग्णालयात अँटिबायोटिक दिले नाही याचा तुम्हाला राग आल्याचे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते तिथल्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. खरोखर दुबळी प्रतिकारशक्ती वेगळी दिसते: वर्षभरात दोनदा न्यूमोनिया, वजन न वाढणे, तोंडात सतत पांढरी बुरशी, बीसीजीच्या (क्षयाच्या) लसीची जागा चिघळत राहणे, किंवा घराण्यात लहानपणीच गेलेली भावंडे. यांपैकी काही असेल तर तपासण्या कराव्यात. तुमच्या पत्रात तसे काही नाही.

थोरलीची अंगणवाडी बंद करू नका. तिला तिथे जेवण, सोबत आणि खेळ मिळतो, आणि विषाणू काय, तो लग्नातून, एसटीतून किंवा शेजारूनही येतो. घरी आल्यावर आधी साबणाने हातपाय आणि तोंड धुणे, गणवेश बदलणे, आणि मग भावाजवळ जाणे, एवढा नेम तिला लावा. तिला सर्दी असेल त्या आठवड्यात तिने बाळाचा मुका घ्यायचा नाही, त्याऐवजी पायाचे तळवे धरून खेळायचे. चार वर्षांच्या मुलीला हे नीट समजते, आणि आपण भावाला सांभाळतो आहोत असे सांगितले तर ती ते मोठ्या माणसांपेक्षा काटेकोरपणे पाळते.